महावादळे, वायुग्रहांवरील
गुरू, शनी यांसारख्या मुख्यत्वे हायड्रोजन व हीलियम यांच्या बनलेल्या ग्रहांच्या वातावरणातील प्रचंड भोवरे. यांपैकी गुरूवरील तांबडा डाग सर्वपरिचित असून तो दक्षिण गोलार्धात सुमारे 22° अक्षांशावरील प्रत्यावर्त, म्हणजे मध्यभागी उच्च दाब असलेला भोवरा आहे. त्याच्या कडेचे वारे ताशी 400 किमी.हून अधिक वेगाने वाहतात. पृथ्वीवर बंगालच्या उपसागरात निर्माण होऊन नागपूरपर्यंत पाऊस आणणारी न्यूनदाब क्षेत्रे जमिनीवर आल्यावर बाष्पाचा पुरवठा तुटून व घर्षणाने काही दिवसांत विरतात. याउलट गुरूला घन पृष्ठभागच नसल्याने आणि परस्परविरुद्ध दिशांच्या दोन वायुझोतांमध्ये हा भोवरा फिरत राहिल्याने तो निदान 1831 पासून टिकून आहे. खगोलशास्त्रज्ञ कासीनी यांनी 1665 मध्ये पाहिलेला डाग हाच, असे सर्रास लिहिले जाते; परंतु 1713 नंतर शतकभर त्याची नोंदच नसल्याने ते मान्य करणे कठीण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुमारे 40,000 किमी. लांब असलेला हा डाग आता 16,000 किमी.च्या आसपास आला असला, तरी त्यात पृथ्वी मावते. शनीवरील पांढरी वादळे मात्र अल्पजीवी असतात. डिसेंबर 2010 मध्ये उद्भवलेल्या वादळाने काही महिन्यांत संपूर्ण ग्रहाला वेढा घातला आणि 2011 मध्येच ते ओसरले.