केंद्रित संसर्गाचा सिद्धांत आणि रूट कॅनॉल उपचाराची पीछेहाट : १९१० ते १९६५

किडलेला दात न उपटता त्याच्या मुळातील पोकळी स्वच्छ करून ती कायमची बंद करणे, हे रूट कॅनॉल उपचाराचे सूत्र होय. आज तालुक्याच्या गावीही होणारा हा उपचार विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिका व ब्रिटनमधील अनेक डॉक्टर व दंतवैद्यांनी त्याज्य ठरविला होता. त्यासाठी लागणारी साधने तोवर बरीचशी उपलब्ध झाली होती, ही बाब विशेष लक्षणीय आहे. ही पीछेहाट कशामुळे झाली आणि ती कशी ओसरली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

प्रथम या व्याधीचे स्वरूप पाहणे आवश्यक ठरते. दाताच्या कठीण आवरणाच्या आत एक पोकळी असते व तीत रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असलेली मऊ ऊती म्हणजे पल्प असतो. त्याला होणारा रक्तपुरवठा प्रामुख्याने मुळाच्या टोकाशी असलेल्या अतिसूक्ष्म छिद्रातून होतो. कीड पल्पपर्यंत पोहोचली की तेथे सूज येते; परंतु चहूबाजूंनी कठीण भिंती असल्याने सूज पसरण्यास वाव नसतो. दाब वाढतो, रक्ताभिसरण थांबते आणि पल्प मृत होतो. मृत पल्पपर्यंत रक्त जात नसल्यामुळे शरीराच्या रक्षक पेशी तेथे पोहोचत नाहीत आणि पोटात घेतलेले औषधही पोहोचत नाही. संसर्ग मात्र मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतो. अशा वेळी पोकळी साफ करणे किंवा दात काढणे, हे दोनच मार्ग उरतात. पुढील सारा वाद या दोन मार्गांमधील आहे.

दात पोखरणारा किडा असतो, ही समजूत अनेक प्राचीन संस्कृतींत आढळते. सुश्रुतसंहितेतील ‘कृमिदंतक’ ही संज्ञा आणि मराठीतील ‘दातकीड’ हा शब्द त्याच समजुतीचे अवशेष म्हणता येतील. फ्रान्समधील प्येर फोशार यांनी १७२८ च्या आपल्या ग्रंथात ही समजूत अमान्य केली. १८३८ मध्ये अमेरिकेतील एडवर्ड मेनार्ड यांनी घड्याळाच्या स्प्रिंगपासून मूळनलिका साफ करण्याचे हत्यार घडविले, असे मानले जाते. १८६४ मध्ये सॅनफर्ड बार्नम यांनी लाळेपासून दात अलग ठेवणारा रबराचा पडदा वापरात आणला. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला आणि काही वर्षांतच दंतवैद्यकात त्यांचा उपयोग होऊ लागला.

जंतूंचा संबंध स्पष्ट केला तो विलोबी मिलर यांनी. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या जंतुशास्त्राच्या प्रभावाखाली काम करणाऱ्या या अमेरिकन संशोधकाचा मुखातील सूक्ष्मजीवांवरील ग्रंथ १८९० मध्ये प्रसिद्ध झाला. तोंडातील संसर्ग शरीरात अन्यत्र विकार निर्माण करू शकतो, असे त्यांनी १८९१ मध्ये मांडले. त्यावर उपाय म्हणून सरसकट दात उपटण्याचा आग्रह मात्र त्यांनी धरला नव्हता. हा फरक पुढे विसरला गेला.

३ ऑक्टोबर १९१० रोजी लंडनचे वैद्य विल्यम हंटर यांनी माँट्रिअल येथील मॅकगिल विद्यापीठात एक व्याख्यान दिले. सडलेल्या मुळांवर सोन्याच्या टोप्या व पूल चढविणाऱ्या तत्कालीन दंतव्यवसायावर त्यांनी कठोर टीका केली. या टीकेचा रोख मुख्यतः निकृष्ट कामावर होता. तिचा परिणाम मात्र पल्प गेलेला प्रत्येक दात संशयास्पद ठरण्यात झाला. शिकागोच्या फ्रँक बिलिंग्ज यांनी या विचाराला ‘फोकल इन्फेक्शन’, म्हणजे केंद्रित संसर्ग, या नावाने सिद्धांताचे रूप दिले. शरीरात एका ठिकाणी दडलेला संसर्ग संधिवात, मूत्रपिंडाचे वा हृदयाचे विकार यांचे मूळ असतो, असे त्याचे सार होय. वेस्टन प्राइस यांनी रुग्णांचे काढलेले दात सशांच्या कातडीखाली बसवून प्रयोग केले व त्यांवरील दोन खंड १९२३ मध्ये प्रसिद्ध केले. तुलनेसाठी पुरेसे नियंत्रण गट नसणे आणि दात बाहेर काढतानाच त्याला जंतूंचा संसर्ग होणे, हे या प्रयोगांतील मूलभूत दोष होते.

या सिद्धांताचा स्वीकार केवळ भोळेपणातून झाला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रतिजैविके नव्हती आणि संधिवातावर खात्रीचा उपाय नव्हता. क्ष-किरण चित्रात मुळाच्या टोकाशी दिसणारी काळसर छाया रोगाचा डोळ्यांना दिसणारा पुरावा वाटे. दंतवैद्यांचा एक वर्ग तर पल्प गेलेले शंभर टक्के दात काढावेत, या मताचा झाला. त्यांना ‘हंड्रेड पर्सेंटर्स’ असेच म्हटले जाई. क्ष-किरणांचा दंतवैद्यकात वापर करणाऱ्या आद्य प्रवर्तकांपैकी न्यू ऑर्लिन्सचे एडमंड केल्स यांनी मात्र १९२० मध्ये या प्रकाराला जाहीर विरोध केला. ज्याला त्या छायेच्या मर्यादा सर्वाधिक ठाऊक होत्या, त्यानेच सावधगिरीचा इशारा द्यावा, हे अर्थपूर्ण आहे.

या विचाराचे सर्वांत दारुण पर्यवसान न्यू जर्सीतील ट्रेंटन येथील सरकारी मनोरुग्णालयात झाले. तेथील अधीक्षक हेन्री कॉटन यांनी मानसिक आजाराचे मूळ दडलेल्या संसर्गात आहे, असे गृहीत धरून १९१६ पासून रुग्णांचे दात काढण्यास प्रारंभ केला. त्यानंतर टॉन्सिल्स आणि मोठ्या आतड्यावरील शस्त्रक्रियाही सुरू झाल्या. आतड्याच्या शस्त्रक्रियांत अनेक रुग्ण दगावले. तरीही ८५ टक्के रुग्ण बरे झाल्याचा त्यांचा दावा होता. फिलिस ग्रीनेकर यांनी १९२४-२५ मध्ये केलेल्या तपासणीतून त्याच्या विपरीत चित्र पुढे आले. परंतु त्यांचा अहवाल प्रसिद्ध होऊ दिला गेला नाही. कॉटन यांनी आपल्या मुलांचेही दात काढविले होते. म्हणजे येथे फसवणुकीपेक्षा श्रद्धाच प्रबळ होती, आणि संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या रुग्णांना तिची किंमत मोजावी लागली.

सिद्धांताला उतरती कळा लागली ती १९३० नंतरच्या दशकात. ओकेल व इलियट यांनी १९३५ मध्ये दाखविले की, दात काढल्यानंतर अनेक रुग्णांच्या रक्तात जंतू आढळतात. ज्या उपायाने संसर्ग दूर व्हावा, तोच जंतूंना रक्तात वाट करून देत होता! १९३६ मध्ये फिश व मॅक्लीन यांनी दात काढण्यापूर्वी हिरडीची कड डागून जंतू नष्ट केले, तेव्हा काढलेल्या दातांतील पल्प जंतुविरहित आढळला. निर्णायक म्हणावा असा अभ्यास १९३८ मध्ये सेसिल व अँजेव्हाइन यांचा होता. संधिवाताच्या २०० रुग्णांच्या पाहणीत दात वा टॉन्सिल्स काढून विशेष लाभ झाल्याचे दिसले नाही. सेसिल हे पूर्वी या सिद्धांताचे पुरस्कर्ते होते, त्यामुळे त्यांच्या निष्कर्षाला अधिक वजन प्राप्त झाले.

त्यानंतर रूट कॅनॉल उपचाराला पुन्हा प्रतिष्ठा मिळाली. लुई ग्रॉसमन यांचे पाठ्यपुस्तक १९४० मध्ये आले, १९४३ मध्ये अमेरिकेत या शाखेची संघटना स्थापन झाली आणि १९६३ मध्ये तिला विशेष शाखा म्हणून मान्यता मिळाली. १९६५ मध्ये काकेहाशी, स्टॅन्ली व फिट्झजेराल्ड यांनी उंदरांच्या दाढांतील पल्प उघडा केला. सामान्य उंदरांत तो सडला व गळू झाले. जंतुविरहित वातावरणात वाढविलेल्या उंदरांत मात्र त्यावर डेंटीनचा नवा थर तयार झाला. दोष उघड्या पल्पचा नसून जंतूंचा आहे, हे येथे सिद्ध झाले. त्यामुळे जंतू हटविता आले तर दात राखता येतो, या भूमिकेला प्रायोगिक आधार मिळाला.

मूळ शंकेतील एक अंश मात्र टिकून आहे. तोंडातील जंतू रक्तामार्गे हृदयाच्या झडपांपर्यंत जाऊन एंडोकार्डायटिस होऊ शकतो, हे मान्य आहे. म्हणूनच धोका सर्वाधिक असलेल्या हृदयरुग्णांना दातांच्या काही उपचारांपूर्वी प्रतिजैविक दिले जाते. याउलट, रूट कॅनॉल केलेल्या दातांमुळे कर्करोग व हृदयविकार होतात असे सांगणारा ‘रूट कॉज’ हा चित्रपट २०१८ मध्ये निघाला. दंतवैद्यकीय संघटनांच्या आक्षेपानंतर नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये तो आपल्या मंचावरून काढून टाकला.