न गंजणारी नळी

मोटारींचे जुने सुटे भाग जेथे विकले जातात तेथे कधी कधी एक चमत्कारिक वस्तू दृष्टीस पडते. ती म्हणजे स्टेनलेस स्टीलची, वापरलेली परंतु धडधाकट अशी एक्झॉस्टची नळी. विकणारा सांगतो की, ही कोणत्याही कारखान्याच्या यादीत सापडावयाची नाही. एका मोटारीत दुसऱ्याच मोटारीचे इंजिन बसविले होते, आणि त्या जोडीसाठी ती मुद्दाम हाताने घडविली. महाराष्ट्रात जिला सर्रास सायलेन्सर म्हणतात तीच ही वस्तू. धूर बाहेर टाकणे एवढेच जिचे काम, तिला इतिहास कसला असावयाचा, असे कोणासही वाटेल. परंतु तिच्यात दोन इतिहास येऊन मिळाले आहेत. एक इंग्लंडातील शेफील्डच्या भट्टीपाशी सुरू होतो, दुसरा कॅलिफोर्नियातील एका कोरड्या तळ्यात.

हॅरी ब्रेअर्ली हा शेफील्डच्या एका पोलाद गाळणाऱ्या मजुराचा मुलगा. शिक्षण बेताचेच, परंतु प्रयोगशाळेत बाटल्या धुण्याच्या कामावर लागला आणि तेथेच रसायन शिकला. १९१२ साली त्याच्यापुढे बंदुकीच्या नळ्यांचे गाऱ्हाणे आले. तप्त वायूंनी त्या आतून झिजत असत. क्रोमियमचे प्रमाण वाढवीत वाढवीत १९१३ च्या ऑगस्टात त्याने सुमारे १३ टक्के क्रोमियमचे पोलाद तयार केले. परीक्षेसाठी त्यावर आम्ल घालावे तर ते आम्लास दाद देईना. व्हिनेगर व लिंबाचा रस यांनीही त्यावर डाग पडेना. बंदुकीची गोष्ट मागे पडली आणि ब्रेअर्लीचे लक्ष सुऱ्यांकडे गेले. जर्मनीत एसेन येथे क्रुपच्या कारखान्यात स्ट्राउस व माउरर यांनी निकेल घातलेल्या अशाच पोलादाची पेटंटे १९१२ मध्येच मागितली होती. तेव्हा शोधाचा मान एकट्या शेफील्डला देणे न्यायाचे होणार नाही. पुढे १९२४ साली शेफील्डमध्येच हॅटफील्ड याने १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल हे प्रमाण बसविले. घरातील उत्तम स्टीलची भांडी याच कुळातील. मात्र १९१४ मध्ये महायुद्ध पेटले, तेव्हा ब्रेअर्लीचे पोलाद सुऱ्यांकडून वळून विमानांच्या एक्झॉस्ट वाल्व्हांकडे गेले. म्हणजे जळक्या वायूंशी त्याची गाठ ताटवाटीच्या आधीच पडली.

असे असता मोटारीची नळी साध्या लोखंडी पत्र्याचीच का राहिली? कारण पैशाचे. एक लिटर पेट्रोल जळले म्हणजे त्यातून जवळजवळ एक लिटर पाणी निर्माण होते. दूरच्या प्रवासात नळी तापून वाफ निघून जाते. परंतु बाजारापर्यंत जाऊन परतणाऱ्या मोटारीत तिचे पाणी आतच साचते, त्यात आम्ल मिसळते, आणि नळी आतून कुजते. जी मोटार थोडी चालते तिची नळी लवकर जाते, हा न्याय उलटाच म्हणावयाचा! मालक काही वर्षांनी नवी नळी घेत, आणि कारखानदारांचे त्यात काही बिघडत नसे. अमेरिकेत १९७५ च्या मोटारींपासून धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला, तेव्हा मात्र भोके पडलेली नळी परवडेना. मग सुमारे ११ टक्के क्रोमियमचे स्वस्त स्टेनलेस स्टील कारखान्यांत रूढ झाले. त्यावर तांबूस गंज चढतो. पण ते लवकर फुटत नाही.

दुसरी हकीकत तरुणांची आहे. १९३२ च्या मार्चमध्ये फोर्डने सामान्यांस परवडेल अशा किमतीत आठ सिलिंडरांचे, ६५ अश्वशक्तीचे इंजिन आणले. त्यापूर्वीच्या ‘मॉडेल ए’ला ४० अश्वशक्ती असे. कॅलिफोर्नियातील पोरांनी हिशेब केला: गाडी जुनी, हलकी, इंजिन मोडीतले, नवे. मोजावे वाळवंटातील म्युरॉक या सपाट, कठीण मातीच्या कोरड्या तळ्यात त्यांच्या शर्यती लागत. १९३७ साली त्यांच्या मंडळांनी एक संघही स्थापिला. त्या इंजिनात एक खोड होती. धुराच्या वाटा इंजिनाच्या पोटातून जात, मधल्या दोन सिलिंडरांस मिळून एकच तोंड असे, आणि त्यामुळे ते फार तापे. पोरांनी आपापल्या नळ्या वाकविल्या. मफलर टाळून बाजूसच उघडणाऱ्या नळ्यांस त्या तळ्यांवरून ‘लेक पाइप’ हे नाव पडले, ते अद्याप टिकून आहे. तळे लष्कराकडे गेले. आज तेथे एडवर्ड्स हवाईतळ आहे. पुढे १९५५ साली शेव्हरोलेचे हलके, आटोपशीर आठ सिलिंडरांचे इंजिन निघाले आणि ते असंख्य परक्या मोटारींत जाऊन बसले.

इंजिन बसविणे त्यामानाने सोपे. खरी अडचण धुराची. येथे सुकाणूचा दांडा आडवा येतो, तेथे स्टार्टर, खाली जमीन. नकाशा कोठेच नसतो. कारागीर वळणांचे लहान लहान तुकडे कापतो, दोन टिपक्यांनी चिकटवितो, मोटारीखाली निजून अदमास घेतो, पुन्हा काढतो. त्यात हे धातू हट्टी. निकेलयुक्त स्टेनलेस स्टील तापले असता साध्या पोलादाच्या सुमारे दीडपट फुगते. त्यास लवचीक जोड दिला नाही तर सांधे तडकतात. झाळताना नळीच्या आतही आर्गॉन वायू भरून ठेवावा लागतो. नाही तर सांध्याची आतली बाजू जळून साखरेसारखी खडबडीत होते. बाहेरून सांधा कितीही देखणा असो, जाणता गिऱ्हाईक आधी नळीत डोकावतो.

आणि मग दुसरा प्रश्न. मोटार मोडीत जाते, इंजिन थकते, नळी तशीच राहते. ती कोणास उपयोगी पडणार? तीच मोटार, तेच इंजिन, आणि सुकाणूही त्याच बाजूस हवे. अमेरिकेत डाव्या बाजूच्या सुकाणूस चुकवून नेलेली नळी भारतात किंवा इंग्लंडात उजव्या बाजूच्या सुकाणूवर आदळण्याचा संभव असतो. असा जोडीदार वर्षानुवर्षे मिळत नाही. किंमत निम्म्यावर येते, तरी वस्तू भिंतीला टांगलेली राहते. शेवटी कोणी तरी करवत घेऊन येतो. सरळ तुकडे एकीकडे, वळणे दुसरीकडे अशी वाटणी होते, आणि दुसऱ्याच एखाद्या मोटारीखाली निजून ती वळणे पुन्हा जुळवावयास आरंभ होतो.