वॉशिंग मशीनचे बेअरिंग आणि तासाचा विक्रम

सायकलशर्यतींच्या जगात एक विक्रम असा आहे, की तो समजून घ्यायला शर्यतींची फारशी माहिती असावी लागत नाही. एक ट्रॅक, एक सायकलस्वार आणि एक घड्याळ. बरोबर एक तास सायकल चालवायची आणि किती अंतर कापले ते मोजायचे. याला 'तासाचा विक्रम' म्हणतात. ११ मे १८९३ रोजी पॅरिसमध्ये आंरी देग्रांज याने तासात ३५.३२५ किलोमीटर अंतर कापले, तेथून या विक्रमाची परंपरा सुरू होते. पुढे १९०३ मध्ये 'टूर द फ्रान्स' ही शर्यत सुरू करणारा देग्रांज तो हाच.

बरोबर शंभर वर्षांनी, १७ जुलै १९९३ रोजी, हा विक्रम स्कॉटलंडच्या ग्रेम ओब्री नावाच्या २७ वर्षांच्या तरुणाने मोडला. त्याचे सायकलचे दुकान बंद पडले होते आणि हाती पैसा नव्हता. विक्रमाची सायकल त्याने स्वतः बनवली होती आणि तिच्या पेडलांच्या आसाला वॉशिंग मशीनमधले बेअरिंग बसवले होते. वर्तमानपत्रांनी ते बेअरिंग डोक्यावर घेतले. आम्हाला मात्र या गोष्टीतला खरा शोध त्या बेअरिंगपासून थोडा दूर आहे असे वाटते. तो कोठे आहे, हे विज्ञानाच्या शिक्षकांनी जरूर पाहावे.

आधी या सायकलीविषयी. ट्रॅकवरची सायकल आपल्या नेहमीच्या सायकलीपेक्षाही साधी असते. तिला ब्रेक नसतात, गिअर बदलण्याची सोय नसते आणि फ्रीव्हीलही नसते. मागचे चाक फिरते आहे तोवर पेडले फिरणारच. पाय थांबवून सायकल नुसती पळू द्यायची सवलत नाही. अशा सायकलीला 'फिक्स्ड गिअर' म्हणतात. तिचे भाग इतके थोडे, की नळ्या कापणे-जोडणे जमणाऱ्याला ती घरीही बनवता येते. मग वेग वाढवायचा तर तिच्यात सुधारणा करायची कोणती?

याचे सर्वांना सुचणारे उत्तर म्हणजे सायकल हलकी करणे. २५ ऑक्टोबर १९७२ रोजी बेल्जियमचा एडी मर्क्स मेक्सिको सिटीत विक्रमासाठी उतरला, तेव्हा त्याची सायकल इटलीच्या अर्नेस्टो कोल्नागो याने बनवली होती. वजन कमी करण्यासाठी हँडलला आणि साखळीच्या कड्यांनासुद्धा भोके पाडली होती. सायकलीचे वजन पावणेसहा किलोग्रॅमच्या आसपास भरले. मर्क्सने ४९.४३१ किलोमीटर अंतर कापले. पण या यशात हलक्या सायकलीपेक्षा गावाचा वाटा मोठा असावा. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटर उंचीवर आहे. तेथील हवेची घनता समुद्रकाठच्या हवेपेक्षा सुमारे एक पंचमांशाने कमी असते.

त्याच गावात जानेवारी १९८४ मध्ये इटलीच्या फ्रान्चेस्को मोझेर याने विक्रम ५१.१५१ किलोमीटरवर नेला. त्याच्या दिमतीला शास्त्रज्ञ आणि डॉक्टर होते आणि सायकलीला स्पोकऐवजी सलग तबकड्यांची चाके होती. अशी चाके स्पोकच्या चाकांपेक्षा जड, पण हवा कमी ढवळणारी. वजनापेक्षा हवा महत्त्वाची, हे येथे प्रथम ठळकपणे दिसले.

ही गोष्ट आकडेमोडीने तपासता येते. अकरावीच्या भौतिकीपलीकडे तिला काही लागत नाही. तासाला ५१.६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १४.३ मीटर. एवढा वेग टिकवायला ३५० वॅट शक्ती लागते असे धरू. आता समजा, सायकल २ किलोग्रॅमने जड आहे. सुरुवातीला वेग घेताना जास्तीची गतिज ऊर्जा द्यावी लागेल : वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. उत्तर येते सुमारे २०५ ज्यूल. ३५० वॅटने पेडल मारणारा सायकलस्वार ती पाऊण सेकंदाच्या आत देतो. जास्तीच्या वजनामुळे चाकांचे ट्रॅकशी होणारे घर्षणही थोडे वाढेल. हे घर्षण भाराच्या हजारात तीन भाग धरले, तर त्यासाठी एक वॅटही जादा लागत नाही. तासाअखेर दोन्ही मिळून नुकसान होते पन्नास मीटरांच्या आसपास.

आता हवेकडे वळू. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; म्हणून त्याविरुद्ध लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. या वेगाला सायकलस्वाराची बहुतेक सगळी शक्ती हवा बाजूला सारण्यातच जाते. हा विरोध केवळ ५ टक्क्यांनी कमी करता आला, तर त्याच शक्तीत वेग सुमारे दीड टक्क्याने वाढतो. म्हणजे तासात पाऊण किलोमीटरहून अधिक! एकीकडे २ किलोग्रॅम वजन घटवण्यासाठी ओतलेला पैसा, दुसरीकडे शरीराची बदललेली ठेवण. कशात लाभ जास्त, हे उघड आहे.

ओब्रीने नेमके हेच हेरले. हवेला अडवते ती मुख्यतः सायकल नव्हे, तिच्यावर बसलेला माणूस. म्हणून त्याने माणसाची बैठक आधी ठरवली आणि तिला साजेशी सायकल मागाहून बनवली. हात कोपरात दुमडून छातीखाली घ्यायचे, पंजे खांद्यांजवळ आणि छाती जवळजवळ हातांवर टेकलेली. बर्फाच्या उतारावरून घसरत येणारा खेळाडू अंग चोरून घेतो, तशी ही ठेवण होती. दोन्ही पाय एकमेकांच्या अधिक जवळ यावेत म्हणून पेडलांमधले अंतर कमी केले. पण मग गुडघे सायकलीच्या मधल्या दांडीला घासू लागतील. म्हणून ती दांडीच काढून टाकली. वॉशिंग मशीनच्या बेअरिंगमागेही विचार होता. जे बेअरिंग मिनिटाला १२०० फेरे सोसते, ते पेडलांच्या शंभरेक फेऱ्यांना सहज पुरेल. त्या सायकलीला तो 'ओल्ड फेथफुल' म्हणे. आपण तिला 'जुनी इमानी' म्हणू.

विक्रमाचा प्रयत्न नॉर्वेतील हामार येथे व्हायचा होता. हे गाव मेक्सिको सिटीसारखे उंचावर नाही. तेथे विरळ हवेची मदत मिळणार नव्हती. १६ जुलैला ओब्री आपल्या सायकलीबरहुकूम दुसऱ्याने बनवलेल्या सायकलीवर बसला आणि मोझेरचा आकडा हुकला. पुन्हा प्रयत्न करायचा तर दुसऱ्याच दिवशी सकाळी करावा लागणार होता. दमलेले पाय रात्रभरात आखडू नयेत म्हणून त्याने भरपूर पाणी पिऊन ठेवले. त्यामुळे लघवीसाठी पुनःपुन्हा जाग येई आणि उठला की तो पाय ताणून घेई. सकाळी तो स्वतः बनवलेल्या 'जुन्या इमानी'वर बसला आणि एका तासात त्याने ५१.५९६ किलोमीटर अंतर कापले. मोझेरपेक्षा ४४५ मीटर जास्त.

हा विक्रम सहाच दिवस टिकला. २३ जुलैला इंग्लंडच्या ख्रिस बोर्डमनने फ्रान्समधील बोर्दो येथे कार्बन तंतूंच्या सायकलीवर ५२.२७० किलोमीटर अंतर कापले. पण ओब्रीच्या कल्पनेची खरी साक्ष मिळाली ती १५ जानेवारी १९९४ रोजी. मोझेर पुन्हा मेक्सिको सिटीत उतरला, तोही ओब्रीची बैठक घेऊन. त्याचे वय आता ४२ होते. माणूस तोच, गाव तेच, दहा वर्षांनी वय मात्र वाढलेले. तरी अंतर भरले ५१.८४० किलोमीटर. एप्रिल १९९४ मध्ये ओब्रीने बोर्दोला ५२.७१३ किलोमीटर अंतर कापून विक्रम परत मिळवला.

आणि येथेच गोष्टीला वळण लागले. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघाने ही बैठक नियमबाह्य ठरवली आणि इटलीत पालेर्मो येथील जागतिक स्पर्धेत ओब्रीला बाद केले. त्याने हात पुढे लांब ताणून बसण्याची नवी बैठक शोधली आणि १९९५ मध्ये कोलंबियात बोगोटा येथे तो ४००० मीटरच्या पाठलाग शर्यतीत जगज्जेता झाला. बोर्डमनने याच बैठकीवर १९९६ मध्ये मँचेस्टरला ५६.३७५ किलोमीटर अंतर कापले. पुढे तीही बंद झाली.

संघाची बाजूही समजून घेतली पाहिजे. स्पर्धा माणसांची आहे की यंत्रांची, हा प्रश्न खोटा नाही. १९३३ मध्ये फ्रान्सिस फॉरने उताण्या बैठकीच्या सायकलीवर ४५.०५५ किलोमीटर अंतर कापले, तेव्हाही पुढच्या वर्षी संघाने सायकलीची व्याख्या करून अशी वाहने वगळली होती. २००० मध्ये संघाने मर्क्सच्या काळातल्यासारखी सायकल सक्तीची केली आणि त्याचा ४९.४३१ हाच पुन्हा विक्रम मानला. त्या वर्षी बोर्डमनने तशा सायकलीवर ४९.४४१ किलोमीटर अंतर कापले. फक्त १० मीटर जास्त! चार वर्षांतल्या त्याच्याच दोन आकड्यांत जवळजवळ ७ किलोमीटरांची तफावत. वयाचा आणि तयारीचा काही भाग वजा केला, तरी उरलेली तफावत ही प्रामुख्याने हवेची.

२०१४ मध्ये नियम पुन्हा सैल झाले. २०२२ मध्ये इटलीच्या फिलिपो गान्ना याने त्रिमितीय छपाईने बनवलेल्या धातूच्या सायकलीवर ५६.७९२ किलोमीटर अंतर कापले. अशी सायकल दुकान बुडालेल्या माणसाला परवडणारी नव्हे. नियम माणसाला यंत्रापासून वाचवण्यासाठी केले, असे म्हटले गेले; पण ओब्रीच्या बाबतीत बंदी आली ती महाग यंत्रावर नाही, फुकट मिळालेल्या कल्पनेवर. नियम करणाऱ्यांनी आणि खेळणाऱ्यांनीही यावर विचार करावा असे आम्हाला वाटते.

वर्गात ही गोष्ट सांगितल्यावर मुलांना एक गणित जरूर घालावे. खंडाळ्याचा घाट चढताना सायकलस्वार सुमारे पाचशे मीटर उंच जातो. तेथे २ किलोग्रॅम जास्त वजनासाठी किती ऊर्जा लागेल? उत्तर सुमारे ९८०० ज्यूल येते, म्हणजे ट्रॅकवरच्या २०५ ज्यूलच्या जवळजवळ पन्नास पट. शिवाय घाटात वेग कमी, त्यामुळे हवेचा विरोधही कमी. तेथे हलकी सायकल हवीच. मुलांना मग विचारावे : पैसे थोडेच असतील तर आधी कोठे खर्चाल? आणि उत्तर देण्याआधी, सायकल कोठे चालवायची आहे हे त्यांनी उलट विचारले, तर त्यांना ओब्री कळला असे समजावे.