कोल्हापुरातील वाडा, धर्मशाळा आणि प्रवाशाचा मुक्काम

संस्थानकालीन कोल्हापुरात अंबाबाईच्या दर्शनास वा दरबारी कामास येणारा प्रवासी कोठे उतरत असे, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु घराची रचना व समाजाची रचना यांचा संबंध त्यातूनच उलगडतो. तुलनेसाठी जपानमधील क्योतो शहराचे उदाहरण घेता येईल. तेथील व्यापाऱ्यांच्या जुन्या, अरुंद व खोलवर गेलेल्या लाकडी घरांत, म्हणजे 'माचिया'त, आज परका प्रवासी भाडे भरून थेट आतल्या दालनात झोपतो. कोल्हापूरचा वाडाही असाच रस्त्यापासून आत सरकत जाणारा : दरवाजा, देवडी, चौक, सोपा, माजघर. मात्र आगंतुकाने कोठवर यावे, हे येथे नाते आणि जात ठरवीत. आप्त माजघरात जेवत. ओळखीच्या पाहुण्याचे अंथरूण सोप्यात पडे. अस्पृश्य मानलेल्यास दरवाजाबाहेरच थांबावे लागे.

अशा प्रवाशास धर्मशाळाही मोकळी नव्हती. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१९ मध्ये सार्वजनिक विहिरी, पाणवठे व धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करणारा हुकूम काढला, त्याचे महत्त्व त्यांच्या वसतिगृहांइतकेच मानावयास हवे. अर्थात हुकमाची पोच सार्वजनिक जागांपुरती होती. खासगी उंबरठा त्याबाहेर राहिला. बाजारातही तेच. गंगाराम कांबळे यांनी शहरात चहाचे दुकान काढले, तेव्हा सवर्ण गिऱ्हाईक तिकडे फिरकेना. अखेर महाराज स्वतःच तेथे थांबून चहा घेऊ लागले.