रोडपाली आणि काँक्रीटचे आयुर्मान

पनवेल तालुक्यातील रोडपाली हे गाव १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोच्या क्षेत्रात आले आणि कळंबोली वसाहतीच्या काँक्रीटने वेढले गेले. या काँक्रीटचा हिशेब बांधकामाच्या खर्चापाशी संपत नाही. सिमेंटसाठी चुनखडी भाजली असता शुद्ध चुनखडीच्या १०० भागांतून ४४ भाग कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भट्टीच्या इंधनाचा धूर निराळाच. त्यातील काही वायू काँक्रीट पुढे हवेतून परत शोषते हे खरे. परंतु त्यायोगेच त्याची अल्कता घटते व आतील सळई गंजू लागते. खाडीकाठी त्यात क्षारांची भर पडते.

याचे बोलके उदाहरण कळंबोलीवरून जाणाऱ्या शीव–पनवेल महामार्गावरच आहे. ठाणे खाडीवरील १९७३ चा पूल, त्यातील ताण दिलेल्या तारा गंजल्याने, लवकरच दुबळा झाला आणि १९९७ साली त्याच्या शेजारी दुसरा उभारावा लागला. एकाच खाडीसाठी २४ वर्षांत चुनखडी दोनदा भाजली गेली! झोतभट्टीची मळी वा औष्णिक केंद्राची राख मिसळून सिमेंट वाचविता येते, आणि ते इष्टच होय. तथापि अशा मिश्रणास पाणी मारण्याचे दिवस अधिक द्यावे लागतात. ते चुकविले, सळईवरील आवरण पातळ ठेवले, तर वाचविलेले सिमेंट पुनर्बांधणीत खर्ची पडते.