नागपूरची धूळ: निसर्गाची किती, माणसाची किती?

नवतपा आला की नागपुरात कूलरच्या ताट्या बघता बघता मातकट होतात. दुपारी वावटळ उठते, गच्चीवर धुळीचा थर बसतो आणि "उन्हाळ्यात एवढी धूळ असणारच" असं म्हणून विषय संपतो. पण ही धूळ खरंच पूर्णपणे निसर्गाची असते का?

नैसर्गिक प्रदूषण म्हणजे काय?

माणसाने काहीही न करता हवेत मिसळणारे घातक कण आणि वायू म्हणजे नैसर्गिक प्रदूषण. वाऱ्याने उडालेली माती, वणव्याचा धूर, ज्वालामुखीची राख, समुद्राच्या तुषारांतलं मीठ, परागकण, दलदलीतून निघणारा मिथेन ही त्याची मुख्य उदाहरणं. पृथ्वीवर माणूस नव्हता तेव्हाही हे सगळं होतंच.

१. धूळ

पावसाळ्यानंतर विदर्भाची जमीन हळूहळू कोरडी पडते. एप्रिल-मे महिन्यांत शेतं रिकामी असतात, झाडांची पानं गळालेली असतात आणि जमीन तापल्यामुळे हवा वेगाने वर चढते. या हवेसोबत मातीही उडते. तिचे मोठे कण लवकर खाली बसतात. १० मायक्रॉनपेक्षा बारीक कण, म्हणजेच पीएम १०, मात्र बराच वेळ तरंगत राहतात. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज येईल.

धूळ लांबचा प्रवासही करते. २३ जानेवारी २०२२ रोजी मुंबई-पुण्याचं आकाश अचानक धूसर झालं. पाकिस्तानच्या बाजूने उठलेलं धुळीचं वादळ अरबी समुद्र ओलांडून महाराष्ट्रात पोहोचलं होतं.

पण शहरातल्या धुळीत फक्त माती नसते. उखडलेले रस्ते, न झाकलेली बांधकामं, मातीने भरलेले उघडे ट्रक यांची धूळही त्यातच असते. नागपूरशेजारी कोराडी आणि खापरखेडा इथे औष्णिक वीजकेंद्रं आहेत. कोळशाची राख कोरडी पडली तर तीही वाऱ्यासोबत उडते. डोळ्यांना हे सगळं सारखंच दिसतं.

२. वणवा

महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा जंगलातल्या आगींचा काळ मानला जातो. गडचिरोली, मेळघाट, पेंच, नवेगाव-नागझिरा ही पानगळीची जंगलं. खाली वाळलेल्या पानांचा गालिचा असतो आणि एक ठिणगी पुरते.

मात्र ही ठिणगी बहुतेक वेळा निसर्गाची नसते. मोहाची फुलं वेचणं सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवला जातो. तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणूनही आग लावली जाते. कधी कुणी टाकलेली पेटती विडीही पुरेशी ठरते. या धुरातून पीएम २.५, कार्बन मोनॉक्साइड आणि काजळी हवेत जाते. काजळी सूर्याची उष्णता शोषून घेते, त्यामुळे हवा आणखी तापते.

३. परागकण

पावसाळ्यानंतर रिकाम्या प्लॉटवर, रेल्वेरुळांच्या कडेला गाजर गवत फोफावतं. त्याच्या परागकणांमुळे अनेकांना शिंका, डोळ्यांची खाज आणि दम्याचा त्रास होतो. हे गवत मूळचं अमेरिका खंडातलं. भारतात १९५० च्या दशकात ते पुण्यात आढळलं. आयात केलेल्या गव्हातून ते आलं असं मानलं जातं. म्हणजे परागकण निसर्गाचे, पण त्यांना इथे आणलं माणसाने.

४. झाडं आणि विजा

काही झाडं, उदाहरणार्थ निलगिरी, उन्हात आयसोप्रीन नावाचा वायू सोडतात. एकटा असताना तो फारसा त्रासदायक नाही. पण गाड्यांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड आणि कडक ऊन यांची जोड मिळाली की जमिनीलगत ओझोन तयार होतो आणि तो फुप्फुसांना घातक असतो. विजा चमकतात तेव्हाही हवेत नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात.

५. ज्वालामुखी

२३ नोव्हेंबर २०२५ रोजी इथिओपियातल्या हायली गुब्बी ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि दुसऱ्याच दिवशी त्याची राख भारताच्या आकाशात पोहोचली. काही विमानं रद्द करावी लागली. राख खूप उंचावर असल्याने जमिनीवरच्या हवेवर मात्र तिचा फारसा परिणाम झाला नाही.

१९९१ मध्ये फिलिपिन्सच्या पिनाटुबोने इतका सल्फर डायऑक्साइड वर फेकला की पुढे साधारण वर्षभर पृथ्वीचं सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने घटलं. आणि नागपूरची सीताबर्डी टेकडी? तीही सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हातून बनलेल्या बेसॉल्ट खडकाचीच आहे.

निसर्गाचा वाटा कसा ओळखतात?

हवेतले कण फिल्टरवर गोळा करून त्यांची रासायनिक तपासणी केली जाते. सिलिकॉन, ॲल्युमिनियम, कॅल्शियम जास्त असेल तर माती किंवा रस्त्याची धूळ. लाकूड-पालापाचोळा जळाल्याची खूण पोटॅशियम देतं. नागपुरातच मुख्यालय असलेली नीरी ही १९५८ साली स्थापन झालेली संस्था असं काम करते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहा शहरांच्या अभ्यासात दिल्ली आणि मुंबईची जबाबदारी नीरीकडे होती.

हा फरक महत्त्वाचा का?

२०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात नागपूरचाही समावेश आहे. शहराला प्रदूषण कमी करायचं असेल तर कुठला कण कुठून आला हे कळायला हवं. युरोपीय संघाच्या २००८ च्या नियमानुसार नैसर्गिक धुळीचा वाटा सिद्ध केला तर तो हिशोबातून वजा करता येतो. फुप्फुसांना अशी वजाबाकी करता येत नाही.

दुसरी गोष्ट हिवाळ्याची. उन्हाळ्यात धूळ भरपूर असली तरी तापलेली हवा उंच जाऊन प्रदूषण पांगवते. डिसेंबर-जानेवारीत वावटळी नसतात, पण थंड हवा जमिनीलगत अडकते आणि गाड्यांचा, कचरा जाळल्याचा धूर तिथेच साचतो. त्या धुराचं खापर निसर्गावर फोडता येत नाही.

वावटळ थांबवणं कुणाच्याच हातात नाही. पण बांधकामावर हिरवी जाळी लावणं, रस्त्याच्या कडेची माती झाकणं, गाजर गवत फुलण्याआधी उपटणं, कचरा न जाळणं आणि जंगलात काडी न पेटवणं हे माणसाच्याच हातात आहे.