पस्तिसाची रेघ

माझ्या थोरल्या बहिणीच्या फाइलीत रक्ततपासणीचे अकरा कागद आहेत. प्रत्येकावर ‘सीए-१२५’ आणि शेजारी ‘सामान्य : ३५ पर्यंत’. अंडाशयाच्या कर्करोगावरचे उपचार संपल्यावर दर तीन महिन्यांनी हा कागद मी आणत असे. मी डॉक्टर नव्हे, वाणिज्य शाखेचा पदवीधर. पण हा ३५ आला कुठून, या प्रश्नाने मला वाचायला लावले.

१९७५ साली केंब्रिजमध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तितकी तयार करण्याची रीत शोधली. बोस्टनमध्ये रॉबर्ट बास्ट आणि सहकाऱ्यांनी ती अंडाशयाच्या कर्करोगासाठी वापरली. त्यांच्या मालिकेतले १२५वे प्रतिपिंड कामी आले. १९८१ साली ते प्रसिद्ध झाले. ते ज्या प्रथिनाला चिकटते, त्याचे रक्तातले प्रमाण म्हणजे सीए-१२५.

१९८३च्या निबंधात ३५ची रेघ दिसते. ८८८ निरोगी व्यक्तींपैकी १ टक्का तिच्या वर होत्या, तर १०१ रुग्णांपैकी ८२ टक्के. म्हणजे काही रुग्ण रेघेखालीही होत्या. पुढे कळले, की एंडोमेट्रिओसिस, गर्भारपण, पोटाचा क्षयरोग यांतही आकडा चढतो. मात्र त्याच निबंधात रोगाच्या चढउताराशी आकड्याचा चढउतार ४५पैकी ४२ वेळा जुळला होता. निदानापेक्षा पाठपुराव्यात या तपासणीचे बळ अधिक होते. रोग परतताना लक्षणांच्या कित्येक महिने आधी आकडा चढतो, हेही दिसून आले. मग आधी कळले की आधी औषध आणि जास्त आयुष्य, असे कुणालाही वाटेल. मलाही वाटे.

ब्रिटनमधील गॉर्डन रस्टिन यांनी युरोपातील सहकाऱ्यांसह हेच तपासून पाहिले. उपचारांनंतर रोगमुक्त दिसणाऱ्या १,४४२ स्त्रिया त्यांत होत्या. दर तीन महिन्यांनी रक्त तपासले जाई, पण आकडा रुग्णाला आणि तिच्या डॉक्टरांना सांगितला जात नसे. तो मर्यादेच्या दुपटीपलीकडे गेला, की चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी होई. अशा ५२९ जणींपैकी निम्म्यांना लगेच केमोथेरपी, उरलेल्यांना लक्षणे दिसल्यावर. २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आला. पहिल्या गटाचे औषध सुमारे ४.८ महिने आधी सुरू झाले, पण मध्यम आयुर्मान २५.७ महिने, दुसऱ्या गटाचे २७.१. लक्षणीय फरक नाही. उलट पहिल्या गटातल्या स्त्रियांचे दैनंदिन जगणे लवकर खालावले.

त्यानंतर नवी औषधे आली. निवडक रुग्णांत रोग परतल्यावरच्या शस्त्रक्रियेनेही आयुष्य वाढते, असे दिसले. म्हणून वाद मिटलेला नाही, आणि तपासणी करावी की नाही हे प्रत्येकीने आपल्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे.

आमच्या फाइलीतले शेवटचे तीन आकडे १४, १९, २६ असे आहेत. सगळे रेघेच्या आत. तरी कागद आला की घरात कुणी जेवत नसे. तिसऱ्या वेळी ताई म्हणाली, “आता हा आकडा मला सांगू नकोस रे. त्रास झाला की मीच सांगेन.” मी तिच्याशी भांडलो. रस्टिन यांचा निबंध तेव्हा प्रसिद्ध झालेला होता, पण मी तो ताई गेल्यावर वाचला.